तिने माझं मूल उचललं

आई गेली त्या वर्षी मी देवीशी बोलणं बंद केलं होतं. पूजा सोडली नव्हती. शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातल्या एका कपाटाचं दार काढून आम्ही देवघर केलं होतं. तिथे रोज संध्याकाळी दिवा लागायचा, कारण लहानपणापासूनची सवय. पण दिवा लावून मी लगेच कणकेकडे वळायचे. आई साताऱ्याला अचानक आजारी पडली तेव्हा मी कुलदेवीकडे एकच मागितलं होतं, तिचा चेहरा एकदा बघू दे. तिला बरं कर, असंसुद्धा म्हटलं नव्हतं. विमानाचं तिकीट, आमच्या लहानग्या सोहमच्या पासपोर्टची भानगड, ह्यांची सुट्टी, या सगळ्यातून मार्ग काढत मी पोचले तेव्हा दारात चपलांची रास होती आणि आत सतरंजीवर माणसं गप्प बसली होती. परत आल्यावर मी देवीला जाब विचारला नाही, तिच्यावर रागावलेही नाही. एखाद्या नातेवाइकाशी संबंध फक्त लग्नपत्रिकेपुरते उरावेत, तसं काहीसं आमचं झालं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, आम्हाला इथे येऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची. माझे यजमान हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत इंजिनिअर होते. तरुणपणी पुण्याच्या मित्रांबरोबर सगळे किल्ले पायी हिंडलेला माणूस, इथल्या सपाट वाळूत त्यांचा जीव रमत नसे. त्यांना कोणीतरी रास अल खैमाच्या पलीकडच्या डोंगरांबद्दल सांगितलं. तिथे डोंगर चिरत गेलेल्या लांबच लांब घळी आहेत. एरवी कोरड्या असतात, पाऊस झाला तरच त्यातून पाणी वाहतं. इथले लोक त्यांना वादी म्हणतात. ईदची सुट्टी थंडीत आली होती. हे म्हणाले, "चल, घरात बसून तू आणखी कोमेजशील. एक दिवस चालून येऊ." बरोबर त्यांच्याच कंपनीतले दळवी भाऊजी होते. मूळचे गुहागरकडचे, बायकोमुलं गावी, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ते आमच्याकडेच जेवायला असत. कंपनीची जीप त्यांच्या ताब्यात होती. सोहम तेव्हा तीन वर्षांचा व्हायचा होता. मला जायचं नव्हतं, पण नको म्हणण्याइतका उत्साहही माझ्यात नव्हता, म्हणून गेले.

जीप डोंगराच्या तोंडाशी लावून आम्ही घळीतून चालू लागलो. पायाखाली गोल गुळगुळीत गोटे, दोन्ही बाजूंना विटकरी, राखाडी कडे, मध्येच कुठे हिरवंगार साचलेलं पाणी. पाण्याच्या कडेने कण्हेरी फुललेल्या होत्या. परक्या देशात, अशा ओसाड जागी आपल्या अंगणातली कण्हेर बघून मला बरं वाटायला हवं होतं. मला फक्त आईची परडी आठवली. आकाश स्वच्छ निळं होतं. खूप दूर, ओमानच्या बाजूच्या शिखरांवर काळपट ढग बसले होते, ते मी पाहिले होते. पण आमच्या डोक्यावर ऊन होतं आणि वाराही नव्हता, त्यामुळे त्या ढगांचा आमच्याशी काही संबंध असेल असं तिघांपैकी कोणाच्याही मनात आलं नाही.

बरंच चालल्यावर सोहम कुरकुरायला लागला. मला त्याला उचलून पुढे जाणं शक्य नव्हतं. घळीच्या मधोमध एका उंचवट्यावर बोरीचं एक जुनं झाड होतं, त्याच्या सावलीत आम्ही टेकलो. हे म्हणाले, पुढच्या वळणावर घळ अगदी अरुंद होते आणि त्यापलीकडे मोठा डोह आहे, तेवढा बघून येतो. दळवी भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही आरामात बसा. आम्ही गेलो आणि आलो." दोघं गप्पा मारत दिसेनासे झाले. मी बूट काढले, सोहमला चादरीवर बसवलं. त्याचं कपाळ मला कोमट लागलं. रुमाल ओला करून पुसावं म्हणून मी थोड्या अंतरावरच्या पाण्याकडे गेले. पाठ फिरवून वाकले, रुमाल बुडवला, पिळला आणि मागे वळले.

एक काळी आकृती माझ्या मुलावर वाकली होती.

पायघोळ काळा अबाया, चेहऱ्यावर इथल्या म्हाताऱ्या बायका लावतात तसला चकाकणारा ताठ मुखवटा, त्यातून फक्त डोळे दिसत होते. ती कुठून आली, कधी आली, मला कळलं नाही. मी तोंड उघडायच्या आत तिने सोहमला उचलून खांद्यावर घेतलं आणि कड्याच्या दिशेने चालू लागली.

 माझ्या तोंडून निघालेला आवाज मलाच ओळखू आला नाही. "सोहम" एवढंच मी ओरडत होते, पुन्हा पुन्हा, आणि कड्यांवर आपटून ते नाव चहूबाजूंनी परत येत होतं. मी अनवाणी धावले. ती बाई थांबली नाही. कड्यातून एक बकऱ्यांची वाट वर जात होती, तिच्यावरून ती माझं मूल घेऊन भराभर चढत होती. मी मराठीत ओरडले, हिंदीत ओरडले, तिला चोर म्हटलं, आणखी नको ते म्हटलं. सोहम तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता आणि तो रडत नव्हता, याचीच मला जास्त भीती वाटली. मी दोनदा घसरले, गुडघे सोलले, हाताला लागेल तो दगड धरत चढत राहिले. त्या चढणीवर मी देवीचं नाव घेतलं का, असं मला पुढे काहींनी विचारलं. नाही घेतलं. खोटं कशाला सांगू? माझ्या मनात देव नव्हता, देवी नव्हती. फक्त ती काळी पाठ होती.

वर एक सपाट जागा होती. दगड रचून केलेलं ठेंगणं घर, बाजूला काट्यांचं कुंपण, आत बकऱ्या. दारात चटई होती, तिच्यावर तिने सोहमला बसवलं होतं आणि एका ॲल्युमिनियमच्या वाडग्यातून त्याला दूध पाजत होती. मी जाऊन तिचा हात झिडकारला. दूध तिच्या अंगावर सांडलं. मी सोहमला छातीशी आवळून धरलं आणि तिच्यावर ओरडण्यासाठी श्वास घेतला.

तेव्हा खालून आवाज आला.

डंपरमधून खडी ओततात तसा तो आवाज होता, पण न थांबणारा. आधी घळीतून थंड वारा वर आला, त्याला ओल्या मातीचा वास होता. मग वळणाआडून पाणी आलं. मी पाणी म्हणते, पण ते तपकिरी रंगाचं, झाडांच्या फांद्या आणि गोटे पोटात घेऊन लोळत येणारं काहीतरी होतं. त्याच्या पुढच्या कडेला फेस होता. मी मुलाला बसवलं होतं ते बोरीचं झाड एकदा हललं, दुसऱ्यांदा वाकलं, आणि मग तिथे झाड नव्हतं. चादर, बूट, डबा, पाण्याची बाटली, काहीच नव्हतं. आकाश तसंच निळं होतं. ऊन तसंच होतं. आमच्यावर एक थेंब पडला नव्हता.

माणूस अशा वेळी काय करतो हे मला ठाऊक नव्हतं. मी काहीच केलं नाही. ओरडण्यासाठी घेतलेला श्वास तसाच छातीत राहिला. सोहम माझ्या कानाशी म्हणाला, "ममा, वॉटर," आणि बोट दाखवलं. शेजारी ती म्हातारी उभी होती, तिच्या अबायावरून दूध ठिबकत होतं. तिच्या हातातला वाडगा गळून पडला होता. ती माझ्याइतकीच थिजलेली होती, हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मग मला हे आणि दळवी भाऊजी आठवले. दोघं पुढे गेले होते, अरुंद वळणाकडे, जिथून हे पाणी आलं होतं तिकडेच.

मी सोहमला चटईवर ठेवलं आणि उतरायला धावले. उतरून काय करणार होते देव जाणे. त्या बाईने माझं मनगट धरलं. बोटं मेंदीने रंगलेली, हाडकुळी, पण पकड अशी की मला हलता येईना. मी हिसके दिले, तिला ढकललं. तिने मला ओढून खाली बसवलं, स्वतः माझ्यामागे बसली आणि दोन्ही हातांनी मला मिठी मारून धरून ठेवलं. आमच्यात एकही सामाईक भाषा नव्हती. मला अरबी म्हणजे बाजारातलं "यल्ला" आणि "खलास" एवढंच यायचं. ती माझ्या डोक्यावर हनुवटी टेकून एकसारखं काहीतरी पुटपुटत होती, त्यातला अल्ला हा शब्द तेवढा समजत होता. तिच्या कपड्यांना धुराचा आणि बकऱ्यांचा वास होता. मी "आई, आई" म्हणत होते. कुठल्या आईला हाक मारत होते ते मला आजही सांगता येत नाही. साताऱ्यात जिचं तोंड बघायला मिळालं नाही तिला, की कपाटातल्या देवीला, की मला धरून बसलेल्या या बाईला. तीन वेगळ्या हाका मारण्याइतकी शुद्ध मला नव्हती. एकच हाक होती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाण्याचा जोर थोडा ओसरला तेव्हा समोरच्या कड्यावर, बऱ्याच वरच्या अंगाला, मला एक माणूस दिसला. एकच. इतक्या लांबून चेहरा कळत नव्हता. दोघांच्याही अंगात फिकट शर्ट होते. तो हात हलवत होता, ओरडतही असावा, पण पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. ते हेच असू देत, असं माझ्या मनात आलं, आणि पुढच्याच क्षणी मी ते मागे घेतलं. कारण मग नसलेला माणूस म्हणजे दळवी भाऊजी. गुहागरला त्यांची बायको त्या वेळी दुपारचं आवरत असेल, तिला काहीच माहीत नसेल. मला एका माणसासाठी प्रार्थना करता येईना, कारण ती दुसऱ्याच्या विरुद्ध होत होती. मी हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला मागायला काही सापडलं नाही. मी नुसते हात जोडून बसले. मागणं संपलेल्या त्या शांततेत मी कोणासमोर बसले होते, ते मला शब्दांत मांडता येत नाही. पण समोर कोणीतरी होतं.

मग त्या माणसाच्या मागच्या खडकाआडून दुसरा माणूस सरपटत पुढे आला आणि उठून बसला.

तरीही मला रडू आलं नाही. मी म्हातारीकडे वळून दोन बोटं दाखवली. तिने समोर पाहिलं, डोळे बारीक केले, आणि तिनेही दोन बोटं वर केली. मग तिने तो मुखवटा जरासा उचलून अबायाच्या टोकाने डोळे पुसले. माझ्याआधी ती रडली.

दुपार कलताना तिचा मुलगा पिकअप घेऊन वरच्या रस्त्याने आला. चाळिशीचा, इथल्या पुरुषांची पांढरी पायघोळ कंदुरा घातलेला माणूस. इथल्या पुष्कळ लोकांसारखी त्याला हिंदी येत होती. मी त्याला समोरचे दोघं दाखवले. तो शांतपणे म्हणाला, "बहन, डरो मत. पानी बैठेगा, फिर लायेगा." शेजारच्या वस्तीतले आणखी दोघं दोर घेऊन आले. पाणी मांडीपर्यंत उतरल्यावर त्यांनी ह्यांना आणि दळवी भाऊजींना पलीकडून आणलं. ह्यांचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. ते आले, सोहमच्या डोक्यावरून, पाठीवरून, पायांवरून हात फिरवला, जणू सगळे अवयव जागेवर आहेत का बघत होते, आणि मला म्हणाले, "हा पाण्यात पडला होता ना?"

मी नाही म्हटलं. मग दळवी भाऊजींनी सांगितलं. दोघं त्या अरुंद खिंडीच्या तोंडाशी पोचले होते. दोन्हीकडे सरळ भिंती, मध्ये हातभर पाणी, त्यातून पलीकडे जायचं म्हणून ह्यांनी पँट वर दुमडायला घेतली होती. "तेवढ्यात तुमची किंकाळी आली, वहिनी. नुसतं सोहमचं नाव. साहेब म्हणाले, पोरगं बुडालं. आम्ही माघारी पळालो. घळीतून वळसा लांब पडत होता म्हणून वरून तरी दिसेल, असं म्हणत कड्यावर चढलो. अर्ध्यात साहेबांचा पाय मुरगळला. मी त्यांना ओढत होतो आणि आमच्या पायांखालून ते गेलं."  ते खाली बसले आणि ओंजळीत तोंड लपवलं.

 ती किंकाळी मी पाणी बघून मारली नव्हती. पाण्याचा तेव्हा पत्ताही नव्हता. माझं मूल पळवणाऱ्या चोरावर मी ओरडत होते.

म्हातारीने आम्हाला खजूर आणि लहान कपांत गावा, म्हणजे इथली काळी कडवट कॉफी दिली. मी तिच्या मुलाला म्हटलं, "आपकी अम्मा को पूछो ना, उनको कैसे मालूम पड़ा पानी आयेगा?" त्याने विचारलं. तिने मान हलवली, बराच वेळ काहीतरी सांगितलं.  मग म्हणाला, "माँ बोलता है, पानी का कुछ मालूम नहीं था. बकरी ढूंढने नीचे गया. बच्चा अकेला बैठा था. माँ को देख के हाथ ऊपर किया, तो माँ उठाया. सिर गरम था. तुमको आवाज दिया, तुम सुना नहीं. सोचा, ऊपर दूध पिलायेगा, तुम पीछे आयेगा." आणि मग हलकेच म्हणाला, "वो खुद डर गया है. बोलता है, मेरे को कौन नीचे भेजा?"

मी उठले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती एकदम मागे सरकली, "ला, ला" म्हणत मला दोन्ही दंडांना धरून उठवलं. तिला ते चालणारं नव्हतं, माणसाच्या पाया पडणं. तिने माझ्या तोंडासमोर बोट धरलं, स्वतःकडे दाखवून नकारार्थी हलवलं आणि मग आकाशाकडे केलं. त्या बोटाकडे बघताना मला रडू फुटलं. दिवसभराचंच नाही, आईच्या वेळचंही, जे तेव्हा आलं नव्हतं तेही.

तिच्या मुलाने आम्हाला शारजापर्यंत सोडलं. जीप दुसऱ्या दिवशी गोट्यांखाली अर्धी गाडलेली सापडली. पुढचे कित्येक दिवस मला नळाचा आवाज सहन व्हायचा नाही. बादली भरायला लावून मी बाहेर येऊन उभी राहायचे. जेवताना अचानक ते बोरीचं झाड दिसायचं, आधी असलेलं आणि मग नसलेलं. या धक्क्यातून मी हळूहळू बाहेर आले, पूर्ण आले असं म्हणणार नाही. मात्र देवीशी बोलणं पुन्हा सुरू झालं. सुरुवातीला आम्ही दोघी नुसत्याच एकमेकींसमोर बसायचो.

पुढच्या ईदला आम्ही बेसनाचे लाडू घेऊन त्या घरी गेलो. म्हातारीने सोहमला लगेच ओळखलं आणि मांडीवर घ्यायला हात पसरले. तो तिच्या मुखवट्याला घाबरून माझ्यामागे लपला आणि भोकाड पसरलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तीच आमची शेवटची भेट. नंतर ते कुटुंब खाली गावात नव्या सरकारी घरात राहायला गेलं आणि आमचा संपर्क राहिला नाही.

सोहमला त्यातलं काही आठवत नाही. मोठा झाल्यावर एकदा मी त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "सो बेसिकली शी किडनॅप्ड मी, अँड यू टुक हर लाडूज." त्याचे बाबा याला योगायोग म्हणतात. मी वाद घालत नाही. देवी मुखवटा लावून आली होती, असंही मी कोणाला सांगत नाही. ती एक बकऱ्या राखणारी म्हातारी होती, तिचे गुडघे दुखत असणार, आणि तिला आपल्याला खाली कोणी पाठवलं हे माहीत नव्हतं. मला तेवढं पुरतं.

जे माझ्या मनातून जात नाही ते वेगळंच आहे. मी जिला चोर म्हणत होते ती त्याच क्षणी माझं मूल वर नेत होती. माझ्या हातातून काहीतरी हिसकावून घेतलं जातंय, एवढंच मला दिसत होतं, आणि कुठे नेलं जातंय ते दिसत नव्हतं. आईला माझ्याकडून नेलं तेव्हाही मला फक्त काळी पाठ दिसली होती. ती कुठे गेली, कोणाच्या दारात कोणत्या चटईवर बसली, मला माहीत नाही. पण आता मी असं धरून चालते की ती वरच गेली असणार. त्यानंतरच्या वर्षांत आणखीही काही काही गेलं. ह्यांची नोकरी गेली, दळवी भाऊजी अचानक गेले, सोहम शिकायला दूर गेला. मी मोठी शहाणी झाले असं नाही. प्रत्येक वेळी पहिल्यांदा मी किंचाळतेच. मग सोललेल्या गुडघ्यांनी, अनवाणी, मागोमाग चढायला लागते.